लहान चणीचा खेळाडू आणि त्याची काठी

हॉकी हा शब्द कानीं पडतांच आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें मैदान उभें राहील. अकरा अकरा गडी, पांढरा चेंडू, आणि खालच्या टोकास आंकड्यासारखी वळलेली काठी. 1928, 1932 व 1936 या तीन ऑलिंपिकांत ध्यानचंद यांच्या खेळाच्या बळावर भारतानें जीं सुवर्णपदकें मिळविलीं त्यांची हकीकत आम्हीं याच शाळेच्या व्हरांड्यांत आमच्या ड्रिल मास्तरांच्या तोंडून ऐकली. आजच्या मुलांसही ती कोणीतरी सांगत असेलच. परंतु ज्या देशांत आम्ही आज पुष्कळ वर्षें राहत आहों त्या कॅनडांत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. मैदानावरील हॉकीचें नांव काढलें तर तेथील मुलगा क्षणभर विचारांत पडतो आणि मग, "हां, ती गवतावरची!" असें म्हणतो. आपली हॉकी हीच खरी आणि त्यांची ती निराळी, असें आपणांस वाटतें. त्यांसही अगदीं तसेंच वाटतें.

संपादकांनीं "तिकडील एखाद्या खेळाविषयीं मुलांस समजेल असें कांहीं लिहा" अशी सूचना केली, तेव्हां सबंध खेळाचें वर्णन करावें असें प्रथम मनांत आलें. परंतु खेळांचे नियम पुस्तकांत सांपडतात. त्याऐवजीं आम्हीं एक अगदीं लहानसा प्रश्न निवडला आहे. तो हा कीं, अंगानें लहान असलेल्या मुलानें किंवा मुलीनें खेळावयाची काठी किती ताठ घ्यावी व किती लवचीक घ्यावी. प्रश्न दिसतो क्षुल्लक. पण त्याच्या उत्तरावर एक दहा वर्षांची मुलगी खेळांत राहणार कीं घरीं बसणार हें अवलंबून होतें, आणि ती मुलगी आमची सख्खी भाची असल्यामुळें त्याचा आम्हांस थोडा अभ्यास करावा लागला.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. बर्फावरील हॉकींत चेंडू नसतो. त्याच्या जागीं कडक रबराची एक चपटी चकती असते. तिला पक म्हणतात. तिचा व्यास 3 इंच, जाडी 1 इंच आणि वजन साडेपांच ते सहा औंस, म्हणजे सुमारें 156 ते 170 ग्रॅम. अगदीं लहान मुलांकरितां 4 औंसांची निळी चकती वापरतात. मोठ्या सामन्यांपूर्वीं चकत्या गोठवून ठेवितात, म्हणजे त्या बर्फावरून उसळत नाहींत, सरळ घसरत जातात. गोलरक्षक धरून एका बाजूस सहा गडी, आणि सर्वांच्या पायांत पोलादी पात्यांचे बूट. काठी म्हणजे एक लांब, चौकोनी दांडा व त्याच्या खालीं वीतभराहून थोडें लांब असें आडवें पातें. आपल्या हॉकींत चेंडू जमिनीलगत जाणें चांगलें; उगाच उंच उडविला तर पंचाची शिटी वाजते. बर्फावर मात्र गोलरक्षक गुडघे टेकून खालची सारी बाजू अडवून बसतो, म्हणून चकती वर उचलतां येणें अत्यंत आवश्यक. ज्याला ती उचलतां येत नाहीं त्याचा फटका गोलरक्षकाच्या पायांवरील जाड पट्ट्यांवर आपटून मुकाट्यानें परत येतो.

काठीचा इतिहासही मनोरंजक आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नांवाचा प्रांत आहे. तेथील मिकमॉ या मूळ रहिवाशांपैकीं कुशल कारागीर हॉर्नबीम नांवाच्या चिवट लांकडापासून एकसंध काठ्या कोरून काढीत, आणि एकोणिसाव्या शतकांत या काठ्यांस दूरदूरच्या गांवांतून मागणी असे. तें लांकूड दुर्मिळ झाल्यावर बर्च आणि पुढें ॲश या झाडांचीं लांकडें वापरांत आलीं. घरांत, छपराखालीं, ठरलेल्या नियमांनीं खेळलेला पहिला सामना 1875 सालच्या मार्च महिन्याच्या 3 तारखेस माँट्रियल शहरीं व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्यें झाला; त्या दिवशीं गडी नऊ नऊ होते. त्यानंतर दीर्घकाल काठी लांकडाचीच राहिली. पुढें तिच्यावर कांचतंतूंचें वेष्टण आलें, 1960 नंतरच्या दशकांत शिकागोच्या स्टॅन मिकिटा व बॉबी हल या खेळाडूंमुळें वांकड्या पात्याची चाल पडली, 1980 नंतर ॲल्युमिनियमचे दांडे निघाले, आणि 2000 सालच्या सुमारास कार्बनतंतूंची पोकळ, एकसंध, वजनानें हलकी काठी आली ती आली. आज मोठ्या सामन्यांत लांकडी काठी जवळजवळ दिसतच नाहीं. लांकडी काठीचा ताठपणा त्या त्या लांकडाच्या स्वभावावर असे. कार्बनची काठी मात्र कारखानदारास हवी तितकी ताठ अथवा मऊ करतां येते. आमच्या प्रश्नाचा जन्म येथेंच झाला.

काठी लवण्याचें एवढें काय महत्त्व, असें आपण विचाराल. जाणता खेळाडू जोराचा फटका मारतांना चकतीवर एकदम आघात करीत नाहीं. तो चकतीच्या किंचित् मागें बर्फावर पातें टेकवितो, खालच्या हातानें दांड्यावर अंगाचा भार घालतो, त्यासरशी दांडा धनुष्यासारखा लवतो, आणि पातें चकतीस भिडून पुढें जातां जातां तो लवलेला दांडा सरळ होतो. त्या सरळ होण्यांतला झटका चकतीस मिळतो. हातानें चकती उचलून भिरकावल्यासारखा जो मनगटी फटका असतो त्यांतही हेंच घडतें, फक्त थोड्या प्रमाणांत. म्हणजे काठी हें नुसतें बडवण्याचें साधन नसून तें एक प्रकारचें धनुष्य आहे. आमच्या लहानपणीं शाळेमागच्या चिंचेखालीं बेचक्या चालत, तेव्हां सायकलच्या ट्यूबची बेचकी आणि मोटारीच्या ट्यूबची बेचकी यांतील भेद प्रत्येक मुलास अनुभवानें कळत असे. थोराड मुलाची मोटारच्या ट्यूबची बेचकी पहिलीच्या मुलाच्या हातीं दिली तर रबर ताणलेंच जात नसे आणि खडा त्याच्याच पायांपाशीं पडत असे. स्वयंवराच्या मंडपांत जमलेल्या राजांची फजिती आपण रामकथेंत ऐकली आहे. शिवधनुष्यांत कांहीं उणीव होती असें नव्हे. तें त्यांच्यानें हाललें नाहीं, एवढेंच.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस हूकचा नियम ठाऊक असेल. रॉबर्ट हूक यांनीं 1678 सालीं तो विवरण करून प्रसिद्ध केला. भार जितका वाढवावा तितक्या प्रमाणांत स्प्रिंग ताणली जाते, हें त्याचें सार. आतां यांतून निघणारी एक गोष्ट पाहा. स्प्रिंगमध्यें सांठणारी शक्ति ही लाविलेला जोर आणि झालेली लवण यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. तेव्हां एकाच मुलानें तेवढाच जोर दोन काठ्यांवर लाविला, आणि त्यांतील एक काठी दुसरीच्या निम्मी ताठ असली, तर ती दुप्पट लवेल आणि तिच्यांत शक्तिही दुप्पट सांठेल. बलदंड पुरुषाच्या बाबतींत हा हिशेब निराळा होतो, कारण त्यास जोराची ददात नसते आणि मऊ काठी त्याच्या हातांत पार वांकून जाते. लहान मुलाजवळ जोर मोजकाच. तो मोजका जोर काठींत उतरला पाहिजे.

हा ताठपणा मोजण्याची तेथील रीति अशी. काठी दोन टोकांशीं टेकवून मधोमध भार द्यावयाचा. ती 1 इंच लवण्यास जितके पौंड भार लागेल तो तिचा आंकडा. त्यास फ्लेक्स म्हणतात, व तो दांड्यावर छापलेला असतो. 85 आंकड्याच्या काठीस 1 इंच लववावयास 85 पौंड, म्हणजे सुमारें साडेअडतीस किलो भार पाहिजे. अगदीं लहान मुलांच्या काठ्या साधारण 20 ते 35 पर्यंत, त्याहून मोठ्या मुलांच्या 40 ते 50, किशोरांच्या 55 ते 70 आणि प्रौढांच्या 75 पासून शंभरापलीकडेपर्यंत असतात. कारखान्या-कारखान्यांत थोडा फरक पडतोच. निवड करण्याचा एक आडाखा तेथें सर्वांच्या तोंडीं आहे: खेळाडूचें वजन पौंडांत घ्यावें व त्याचें निम्में करावें. हा कांहीं शास्त्रीय सिद्धांत नव्हे. परंतु चुलीवरच्या भातास पाणी किती घालावें याचा आडाखा जसा आपल्या घरांत चालतो तसा हा चालतो, आणि बहुधा चुकत नाहीं.

आतां आमच्या भाचीकडे वळूं. तिचें वय त्या वेळीं दहा, उंची 4 फूट 4 इंच, आणि वजन बूट काढून 62 पौंड; म्हणजे 28 किलो. संघांत ती सर्वांत लहान. बर्फावर पळण्यांत ती कोणास हार जात नसे. दिशा बदलण्यांत तर तिच्याहून मोठीं मुलें तिच्या मागें भेलकांडत. परंतु गोलासमोर येऊन फटका मारण्याची वेळ आली कीं चकती दहा हात सरपटत जाई आणि थांबे. असें दोन महिने चाललें. शिकविणारे गृहस्थ भले होते. संध्याकाळचा वेळ फुकट देऊन ते मुलांस शिकवीत. त्यांनीं सांगितलें, हातांत ताकद नाहीं, दंड काढीत जा. पुण्याहून तिच्या आजीनें टेलिफोनवर दूध-तूप वाढविण्याचा हुकूम सोडला. मुलीनें दंडही काढले आणि तूपही खाल्लें. चकती जागच्या जागीं.

नाताळच्या सुटींत आम्ही बहिणीच्या घरीं गेलों असतां ही सर्व हकीकत कळली. मुलगी जेवणाच्या टेबलावर कांहीं बोलली नाहीं. नंतर आम्ही एकटे बसलों असतां जवळ येऊन म्हणाली, "मामा, मी आतां जानेवारीपासून जाणार नाहीं. माझ्या हातांत जोरच नाहीं."

"तुला कोणी सांगितलें?"

"सगळेच सांगतात. आणि मलाही दिसतं ना."

तेथील हिंवाळा चार-पांच महिन्यांचा. दुपारीं चार-साडेचारला अंधार पडूं लागतो. मुलांच्या ओळखी, भांडणें, समेट, सर्व कांहीं रिंकवरच होतें. खेळ सोडणें म्हणजे तिच्यासाठीं मैत्रिणींची सोबत सोडण्यासारखेंच होतें. पण त्याहूनही आमच्या मनास जें लागलें तें तिचें शेवटचें वाक्य. दहा वर्षांच्या मुलीनें आपल्या अंगाविषयीं असा निकाल देऊन टाकावा, आणि तोही एवढ्या शांतपणें, हें ऐकवलें नाहीं. आम्हीं तिला एवढेंच म्हटलें, "तुझी काठी आण पाहूं."

काठी पाहतांच बराच उलगडा झाला. मेहुण्यांच्या कचेरींतील एका स्नेह्याचा मुलगा मोठा झाल्यावर त्याची काठी यांच्याकडे आली होती. काठी नामांकित, जवळजवळ कोरी. दांड्यावर 50 हा आंकडा छापलेला होता. मूळची लांबी 52 इंच. ती मुलीस फार उंच होते म्हणून करवतीनें वरून 6 इंच कापून 46 इंच केलेली. वरकरणी पाहिलें तर सर्व यथास्थित होतें. उंची बरोबर होती. अनवाणी उभ्या मुलीच्या नाकाखालीं आणि बूट घातल्यावर हनुवटीच्या जरा खालीं काठीचें टोक येत होतें. तेथें लोक हेंच पाहतात.

परंतु काठी कापली कीं ती ताठ होते, आणि थोडीथोडकी नव्हे. ओढ्यावर टाकलेल्या लांब फळीवरून जातांना ती मध्यें लवते, हें आपण पाहिलें आहे. तीच फळी निम्मी कापून अरुंद चरावर टाकली तर मुळींच लवत नाहीं. अशा फळीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो. लांबी निम्मी केली तर ताठपणा आठपट होतो. आम्हीं कागद घेऊन मुलीसमोरच हिशेब मांडला. 52 ला 46 नें भागलें, भागाकार 1.13 आला. त्याचा घन 1.44. त्यानें 50 ला गुणलें. उत्तर 72. पोकळ दांड्याची जाडी सर्वत्र सारखी नसल्यामुळें प्रत्यक्ष आंकडा थोडा इकडे तिकडे होईल, हें तिला सांगितलें. पण तात्पर्य स्पष्ट होतें. जी काठी 1 इंच लवावयास 72 पौंड मागते ती 62 पौंडांच्या मुलीच्या हातीं दिलेली होती. तिनें आपलें सारें अंग त्या काठीवर टांगलें असतें तरी ती एक इंच लवली नसती. तिच्या वजनाच्या निम्मे म्हणजे 31. आणि हातांत होती ती त्याच्या दुपटीहूनही अधिक ताठ. ताठपणा वाढल्याच्या खुणा वरच्या टोकापासून जवळ दांड्यावरच छापण्याची चाल पुष्कळ कारखान्यांत आहे. पण या काठीच्या बाबतींत तो छापलेला भाग करवतीखालीं जाऊन कचऱ्यांत पडला होता.

भाचीनें तो कागद बराच वेळ पाहिला. मग तिनें काठी जमिनीला टेकवून तिच्यावर जोर करून पाहिला, आणि काठी हालली नाहीं तेव्हां ती आमच्याकडे पाहून हंसली. दोन महिन्यांत काठी न हालल्याचा आनंद तिला पहिल्यानेंच झाला असावा.

मेहुण्यांची समजूत घालणें अधिक कठीण गेलें. ते अत्यंत प्रेमळ गृहस्थ आहेत, परंतु काटकसरी. आणि परदेशीं संसार मांडलेल्यास काटकसर करावीच लागते. ते म्हणाले, "दादा, पोर उद्यां वाढेल. आज लहान काठी घ्यायची आणि वर्षानें टाकायची, हें कसं परवडावं? घेतलेली वस्तु दोन-तीन वर्षं तरी पुरली पाहिजे." यांत त्यांचें कांहीं वांकडें नव्हतें. आपल्या सर्वच घरांतून कपडे आणि बूट "वाढत्या अंगाचे" घेण्याची पद्धत आहे. आमचा शाळेंतील पहिला कोट आम्हांस तिसऱ्या वर्षीं बरोबर झाला, आणि चवथ्या वर्षीं धाकट्या भावास सैल होऊं लागला. सैल कोट अंगांत घालून मुलास धडा पाठ करतां येतो. बूट मोठे असले तर पुढें कापूस कोंबतां येतो. परंतु वाढत्या अंगाची काठी ही वस्तु जगांत नाहीं. मूल तिच्याएवढें होईतों खेळांत टिकलें तर पाहिजे! आम्हीं त्यांस हेंच सांगितलें. शिवाय हेंही सांगितलें कीं, मोठ्यांच्या उंची काठीस 300 डॉलरांहून अधिक पडतात खरे, पण लहान मुलांच्या काठ्या त्याच्या पुष्कळ खालीं मिळतात. त्यांनीं कागदावरील हिशेब दोनदां तपासला. व्यवसायानें ते हिशेबनीस आहेत. मग कोट चढवून ते म्हणाले, "चला."

दुकानांत निवड कशी केली तें सांगतों, कारण पालकांस उपयोग होण्यासारखें यांत तेवढेंच आहे. मुलीस नेहमींचे हातमोजे घालावयास लाविले, कारण मोज्यांशिवाय दांडा निराळा लागतो. काठ्या अशाच निवडल्या कीं ज्या जन्मतः तिच्या उंचीच्या आहेत आणि कापाव्या लागणार नाहींत. खेळतांना धरते तसे हात ठेवून, पातें जमिनीवर टेकवून, खालच्या हातानें सहज भार द्यावयास सांगितलें. दांत-ओठ खाऊन नव्हे. 40 आंकड्याची काठी जराशी थरथरली. 20 ची इतकी लवली कीं पातेंच वळूं लागलें. 30 ची अंदाजें इंचभर लवून परत आली. दांडाही पातळ होता. लहान हातांची बोटें त्याच्याभोंवतीं पुरीं वळत होतीं. जाड दांडा लहान मुठींत फिरतो, हाही त्या जुन्या काठीचा एक दोष होता. पात्याचा जमिनीशीं कोन, दांडा खालीं अधिक लवतो कीं मध्यें, असल्या बारकाव्यांवर दुकानदारानें पुष्कळ सांगितलें. या वयांत त्यांचें महत्त्व थोडें, असें आमचें मत. पातें बर्फावर सपाट बसलें आणि त्याचा नाकाडा वर राहिला नाहीं, म्हणजे झालें.

पहिल्या दिवशीं रिंकवर कांहीं चमत्कार घडला नाहीं. तिला काठीवर भार घालण्याची संवयच नव्हती. जी काठी कधीं लवली नाहीं तिच्यावर रेलावें कशाला? पाऊण तास ती नुसती खरडत होती. नंतर एकदां तिनें चकती पात्यावर घेऊन खालचा हात दाबला, दांडा लवलेला आम्हांस कांचेपलीकडून दिसला, आणि चकती बर्फ सोडून वीतभर उंच गेली व समोरच्या फळीवर आपटली. आवाज मोठा झाला. मुलीनें चकतीकडे पाहिलें नाहीं, काठीकडे पाहिलें. मग ती पुढची चकती आणावयास गेली. मेहुणे आमच्या शेजारीं उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं चहाचा पेला आमच्या हातीं दिला, आणि स्वतः पुढें जाऊन कांचेस नाक लावून उभे राहिले.

त्या हंगामांत तिनें केलेल्या गोलांची संख्या दोन. यास पराक्रम म्हणतां येणार नाहीं. परंतु जानेवारींत घरीं बसण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

मोठ्या खेळाडूंतही हा भेद दिसतो, आणि तो पाहून लहान चणीच्या मुलांस धीर येईल. झ्डेनो खारा हा 6 फूट 9 इंच उंचीचा अवाढव्य गडी. नियमाप्रमाणें काठीचा दांडा 63 इंचांहून लांब असतां कामा नये. त्याच्यासारख्या अति उंच गड्यांस 65 इंचांची सवलत आहे. 2012 सालच्या एका कौशल्यस्पर्धेंत त्याच्या फटक्याचा वेग ताशीं 108.8 मैल भरला. त्याच्या हातची काठी आपल्यापैकीं कोणास लववितां यावयाची नाहीं. आणि याच्या उलट जॉनी गॉड्रो. उंची 5 फूट 9 इंच, त्या धंद्यांत ही फारच कमी. हा गडी 55 आंकड्याची, म्हणजे किशोरांची काठी वापरीत असे. वजनाच्या निम्म्याचा आडाखा त्यास लाविला तर आंकडा 80 च्या जवळपास यावयास पाहिजे होता. त्यानें आडाखा बाजूस ठेवून आपल्या हातांस विचारलें. 2024 सालीं एका अपघातांत त्याचा अकालीं अंत झाला, तेव्हां तेथील कित्येक मुलांनीं आपल्या घरांच्या दारांबाहेर काठ्या उभ्या करून ठेविल्या होत्या. मार्टिन सँ लुई यास तर 5 फूट 8 इंच उंचीमुळें कोणत्याही संघानें मुलांच्या निवडींत घेतलें नव्हतें. त्यानेंच 2004 व 2013 या दोन हंगामांत सर्वांहून अधिक गुण मिळविले, आणि 2018 सालीं त्यास हॉकीच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें.

मात्र मऊ तेवढें चांगलें असें कोणी समजूं नये. फार मऊ काठीनें जोरानें आलेली चकती अडवितांना पातें मागें सरतें, जवळच्या गड्यास द्यावयाची चकती भलतीकडे जाते, आणि फटक्यास किंचित् उशीर होतो. बचावाच्या जागीं खेळणाऱ्यास थोडी अधिक ताठ काठी सोसते. आमच्या पाहण्यांत असेही पालक आले आहेत कीं ज्यांनीं गॉड्रोचें नांव ऐकून धिप्पाड मुलाच्या हातीं वेताची छडी दिली.

भारतांत हा खेळ कोण खेळणार, असें म्हणणारांनीं लडाखकडे पाहावें. लेहच्या आसपास थंडींत गोठलेल्या तळ्यांवर तेथील मुलें-मुली कित्येक वर्षें हा खेळ खेळत आलीं आहेत. 2025 सालीं अल ऐन येथें झालेल्या आशियाई चषकाच्या सामन्यांत भारतीय महिलांच्या संघानें कांस्यपदक जिंकलें, आणि त्या संघांत लडाखच्या मुलींचाच भरणा होता. बर्फावरील खेळाचें सामान महाग. त्यामुळें अशा ठिकाणीं पुष्कळदां इतरांनीं वापरलेल्या वस्तूंवर भागवावें लागतें. मोठ्यांची काठी कापून लहानास देण्याचा मोह तेथेंही होत असेल. आपल्या शाळेंतील कोणी विद्यार्थी पुढेंमागें तिकडे शिक्षक किंवा सैनिक म्हणून गेला तर त्यानें करवत हातीं घेण्यापूर्वीं दांड्यावरचा आंकडा वहींत उतरून ठेवावा.

आपल्या मैदानी हॉकींत असा छापलेला आंकडा पाहण्याची रीत नाहीं. तेथें लांबी आणि वजन यांचाच विचार अधिक. तरी पांचवींतला मुलगा दहावींतल्याची जड काठी घेऊन मैदानावर उतरलेला आम्हीं याच शाळेंत पाहिला आहे, आणि चेंडू गेल्यावर त्याचें मनगट काठीच्या मागून येत असलेलेंही पाहिलें आहे. आमचे ड्रिल मास्तर काठ्या वांटतांना प्रत्येकास ती एका हातानें खांद्याइतकी उचलून धरावयास लावीत आणि मनांत दहापर्यंत मोजीत. ज्याचा हात आधीं कांपला त्याची काठी बदलून मिळे. त्यांनीं कारण कधीं सांगितलें नाहीं.

या शरदांत भाचीची उंची चार फूट सात इंच झाली, असें बहिणीच्या पत्रावरून कळतें. स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मेहुण्यांनीं त्यांच्या शेजारीं वजनाचे आंकडेही लिहूं घेतले आहेत, आणि प्रत्येकाचें निम्में. नवी काठी 40 ची घेतली. जुनी, करवतीनें कापलेली 50 ची काठी सरकत्या दाराच्या खांचेंत आडवी टाकलेली असते. कडीपेक्षां ती बळकट. मधली 30 ची शेजारच्या सात वर्षांच्या मुलानें मागितली. भाचीनें त्यास वजनकांट्यावर उभें केलें. तें 46 पौंड भरलें. "तुला अजून ताठ होईल, पुढच्या वर्षीं ये," असें सांगून तिनें काठी परत कोपऱ्यांत ठेविली, आणि त्याच्या आईला 23 चा आंकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला.